आठ हात रंग

मामांच्या कामात खोट काढणारा अजून जन्माला यायचाय, असं मी छातीठोकपणे सांगायचो. गाढव होतो मी!

मामा म्हणजे आमच्या मालवाहू जहाजावरच्या खलाशांचे मुकादम. जहाजावर त्यांचा भाचा कुणीच नाही, पण कप्तानसुद्धा त्यांना मामाच म्हणत. मी इंजिनखान्यातला फिटर. आम्ही एकवीस माणसं, आणि जहाज बुडायला लागलंच तर दोन बाजूंना दोन नारिंगी होड्या, हुकांना टांगलेल्या. होडी पाण्यात टेकली की आतला दांडा ओढायचा, हुक उघडतात, होडी सुटते. नाही सुटली तर लटकत राहायचं आणि जहाजाबरोबर तळाला जायचं.

तपासण्यांनी मात्र नाकी नऊ आणले होते. बंदराचा माणूस उतरला की विम्याचा शिडीवर, त्याच्या मागे मालवाल्यांचा, मग आमच्याच कंपनीचा. सगळ्यांचे प्रश्न तेच, नुसता कागद वेगळा. "अहो, परवाच बघून गेले की!" मामा म्हणायचे. "ते त्यांचं झालं, हे आमचं," हे ठरलेलं उत्तर. प्रत्येकाला पुढचं जहाज गाठायची घाई. होडीपाशी पाच मिनिटं थांबतील तर शपथ. म्हणून मामांनी युक्ती काढली. तपासणीच्या आदल्या दिवशी हुकांवर रंगाचा ताजा हात मारायचा. चकचकीत हुक बघून साहेब खूण करून मोकळे.

या वर्षी वरच्यांना अक्कल सुचली. चौघांत मिळून एकच तपासणी, आणि तिचा कागद सगळ्यांनी मानायचा. "सुटलो बाबा एकदाचा!" म्हणून मामांनी रंगाचा शेवटचा हात मारला तोही शीळ घालत.

तपासायला एक ठेंगण्याशा बाई आल्या. होडीपाशी येऊन म्हणाल्या, "आज दुसरं जहाज नाही मला. दांडा ओढून दाखवा."

होडी पडू नये म्हणून जादा पट्टे बांधले. मी आत चढून दांडा ओढला. हलेना.

"जेवला नाहीस का रे?" मामा हसत आत आले. त्यांनी ओढला. मग दोघांनी मिळून, पाय रोवून. दांडा ढिम्म! मामांचं हसू कुठल्या कुठे गेलं. दुसऱ्या बाजूची होडी पाहिली, तिचीही तीच गत.

बाईंनी खरवडणी मागितली आणि हुकाची फट खरवडायला घेतली. एकाखाली एक, रंगाचे आठ थर निघाले. सांधा पार लिंपून टाकलेला. बाईंनी जुने कागद काढले. प्रत्येकावर हुकापुढे खूण, आणि शेरा एकच: उत्तम. अरे, सात सात जण बघून गेले, आणि एकानेही हात लावला नाही? आणि आम्ही एकवीस जण निर्धास्त घोरत होतो!

"मीच बुजवला," मामा म्हणाले. "माझ्या हातांनी." आणि ते होडीतच खाली बसले.

मग एकदम उठले. चेहरा पांढराफटक. कंपनीच्या दुसऱ्या जहाजावर त्यांचा सख्खा मेहुणा मुकादम होता, आणि ही युक्ती मामांनीच त्याला शिकवली होती. कप्तानाने लगेच त्या जहाजाला निरोप धाडला: हुकाचा दांडा ओढून बघा, आत्ताच्या आत्ता.

तासाभराने मेहुण्याचं उत्तर आलं. मामा पुढे होईनात, म्हणून मलाच वाचावं लागलं. "दोन्ही होड्यांचे दांडे अडकलेत. आम्ही वादळात आहोत. मामांना विचारा, काय करू?"