कुंडलला पोचवलेला शालू

शोभाताईंना मी एकदाच मान खाली घालून बसलेलं पाहिलं.

आज सकाळी त्या गेल्या. आणि मला नेमकं तेच आठवतंय.

विश्रामबागेतल्या साडीच्या दुकानात मी सेल्सगर्ल म्हणून लागले, तेव्हा त्या काउंटरच्या हेड होत्या. घडी कशी मोडायची, पदर खांद्यावर कसा टाकून दाखवायचा, सगळं त्यांनीच शिकवलं.

लग्नसराई होती. कुंडल गावच्या एक बाई मुलीला घेऊन तिच्या लग्नाचा शालू घ्यायला आल्या. शालू पसंत पडला, फॉल-पिकोला दिला.

मग बाई म्हणाल्या, "आता मला बी एक दाखवा. लग्नात नेसायला."

बाईंच्या कपाळावर कुंकू नव्हतं.

ताईंनी काही न विचारता फिक्या साड्या काढल्या. राखाडी, बदामी, मोतिया.

"ती हिरवी दाखवा की."

ताई हळूच म्हणाल्या, "हिरवी कशी नेसणार तुम्ही? लोक काय म्हणतील?"

हळूच म्हणाल्या, तरी सगळ्या काउंटरला ऐकू गेलं.

बाई उठल्या. मुलीचा हात धरला आणि निघून गेल्या.

ताई तिथंच बसल्या. त्या स्वतः विधवा. नवरा गेल्यावर सासूनं हेच त्यांना ऐकवलं होतं.

"माझ्या तोंडातनं कसं आलं गं हे?"

शालू तयार झाल्यावर फोन केला. मुलगी म्हणाली, आई दुकानात येणार नाही, पाठवून द्या.

कुणालाही पाठवता आलं असतं. ताईंनी सुट्टी टाकली. "एकटीला धीर होत नाही, तू चल."

एसटीत शालूची पिशवी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही.

बाईंनी घरात बोलावलं. चहा ठेवला.

"माझं चुकलं," ताई म्हणाल्या, आणि शालूबरोबर ती हिरवी साडीही पुढं केली. स्वतः विकत घेतलेली.

बाईंनी तिला हात लावला नाही.

"साडीचं काय न्हाई वो. माझी लेक शेजारी बसली हुती. आता सासरी चालली ती. तिच्या कानावर काय घातलंसा तुमी?"

ताईंनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. मला कुठं बघावं कळेना.

निघताना बाई दारापर्यंत आल्या. "सावकाश जावा," म्हणाल्या. झालं गेलं जाऊ द्या, असं मात्र म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये ताईंनी सगळ्या स्टाफसमोर हे स्वतःहून सांगितलं.

मालक म्हणाले, "सोडा ओ ताई. एक कस्टमर गेलं, दुसरं येईल."

"कस्टमर गेलं म्हणून नाही सांगत, साहेब."

तेव्हापासून कुणीही बाई आली की त्या सगळे रंग पसरायच्या. कपाळाकडं बघायच्या नाहीत.

स्वतः मात्र फिक्याच नेसत राहिल्या. एकदा मी विचारलं, "तुम्ही का नाही, ताई?"

"दुसरीला दाखवणं सोपं हाय गं."

अलीकडे दवाखान्यात भेटायला गेले होते. आवाज खोल गेलेला.

"ती कुंडलची बाई आली का गं कधी दुकानात?"

हो म्हणावं असं फार वाटलं. पण त्यांच्याशी खोटं बोलवेना.

"नाही, ताई."

"बरोबर आहे," म्हणाल्या. "मी पण नसते आले."

ताई, तुमच्या हाताखाली शिकलेल्या आम्हा सगळ्या मुलींचा शेवटचा नमस्कार.