कात्रीमास्तरांची स्ट्रॉबेरी

"देवाने मला हात दोन दिले, पण अक्कल एका हाताला पुरेल एवढीच," असं कात्रीमास्तर स्वतःच गिऱ्हाइकांना सांगायचे. सलूनच्या आरशात दिवसभर स्वतःचं तोंड बघावं लागायचं, त्यामुळे स्वतःबद्दल गैरसमज बाळगायला त्यांना वावच नव्हता. उभा जन्म एकच काम: वाढलेलं दिसलं की कापायचं. घरी आले तरी टॉवेलचे सुटलेले दोरेसुद्धा त्यांच्या तावडीतून वाचत नसत.

त्यांच्या बायकोने गॅलरीत स्ट्रॉबेरी लावली होती. रंगाच्या रिकाम्या बादल्या, बुडाला भोकं, वर खतमाती. जात बारमाही. एकदाच बहरून मोकळी होत नाही, थोडी थोडी फळं देत राहते. या बाईने आजवर सगळ्यांना वाढून उरेल ते खाल्लं. घरात जे आलं ते कुणा ना कुणासाठी आलं, ही रोपं तेवढी तिने स्वतःसाठी आणली. आणि ती रुजताहेत न रुजताहेत तोच लेकीच्या बाळंतपणाला जायची वेळ आली.

"सुरुवातीची फुलं खुडा, म्हणजे झाड अंग धरेल. दोऱ्यांसारखे लांब फुटवे येतील, तेही कापा. कळलं ना?" तिने निघताना बजावलं.

"अगं, कापायचं मला शिकवतेस होय?"

इथेच घोड्याने पेंड खाल्ली. मास्तर रोज सकाळी कात्री घेऊन गॅलरीत. फूल दिसलं की कच्च! रोपं अशी नीटनेटकी, की आता भांग तेवढा पाडायचा बाकी.

"फुलं येतात का हो?" बायको फोनवर विचारायची.

"भरपूर!"

"आणि फळ?"

"नाही बुवा. तुझी रोपंच आळशी."

ती बिचारी तिकडून जीव टाकायची. बादल्या उन्हात सरकवा, पाणी पानांवर नको, बुडाशी घाला. मधमाश्या फिरकत नसतील तर मऊ ब्रश फिरवा फुलांवरून. मास्तरांनी मानेवरचे केस झटकायचा ब्रश आणला, प्रत्येक फुलावर हळुवार फिरवला आणि हात शिवशिवले तसं फूल कापून टाकलं.

शेवटी एकदा तिने विचारलं, "अहो, खुडायचं थांबवलंत ना?"

"थांबवायचं होतं?"

पलीकडे नातू रडत होता. त्याला थोपटत ती हळूच म्हणाली, "मी येईपर्यंत एक तरी लागेल, असं वाटलं होतं हो."

रागावली असती तर मास्तरांना परवडलं असतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा कल्ला वाकडा गेला. "झाडाला मशीन लावणारा जगातला पहिला माळी मी!" असं सांगून ते सगळ्यांना हसवत होते खरे, पण आतून पार खजील झाले होते. बाजारातून एक स्ट्रॉबेरी आणून रोपाला दोऱ्याने बांधावी, हेही मनात आलं. पण गाठ मारली की टोकं कापावी लागणार, आणि कात्री हातात आली की आपला भरवसा नाही, म्हणून तो बेत त्यांनी सोडून दिला.

घरातली कात्री सलूनमध्ये गेली. मास्तर गॅलरीत जायचे ते दोन्ही हात खिशात कोंबून. एक फूल उमललं. पाकळ्या गळाल्या तेव्हा त्यांना वाटलं, आपल्या नुसत्या बघण्यानेच मेलं बिचारं! पण मधला हिरवा मणी फुगत गेला.

बायको परतली तेव्हा फळ पांढरट होतं, एका गालावर जेमतेम लाली. ती रोज तेवढी बादलीपाशी बसून राहायची. फळ लालबुंद झालं तेव्हा तिने ते खुडलं, धुतलं, ताटलीत ठेवलं आणि सुरी घेतली.

"अर्धी तुम्हाला."

"कापू नकोस!" मास्तरांचा आवाज भलताच निघाला. "अख्खी खा. माझ्यासमोर खा."

तिने त्यांच्याकडे बघितलं, हसली, सुरी खाली ठेवली. मग दाराच्या चौकटीला टेकून, कसलीही घाई न करता, तिने ती शेवटपर्यंत खाल्ली. मास्तरांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. ते गिळून ते तिच्याकडे बघत राहिले.