घागरीवरचा आंबा

माझा भाऊ माझ्यापेक्षा लहान, पण मुजोरी थोराची. पारोळ्याजवळच्या शेतात बांधावर वडिलांनी लावलेला आंबा होता. ते गेले आणि वाटणीत तो बांध भावाकडे गेला. "सावलीमा कपाशी येत नही. झाड तोडनं शे," त्यानं फोनवर सांगितलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वडिलांच्या नावानं भरायच्या घागरीवर मग कुठला आंबा ठेवशील, विचारलं तर म्हणाला, "बजारमा मियतस." बाजारात मिळतात म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कोय लावून तोच आंबा येत नाही, भलताच निघतो. कलमच बांधावं लागतं. धुळ्याहून मी तडक गेले. पेन्सिलीएवढ्या जाड, तयार काड्या निवडल्या आणि देठ ठेवून त्यांची पानं छाटली. अशा काडीचे डोळे, म्हणजे मिटलेले कोंब, आठवडाभरात फुगतात, देठ बोट लागताच गळतो, मग काडी कापायची. तेवढे दिवस झाड राहू दे, म्हणून मी त्या दिवट्यापुढे हात जोडले. तो हो म्हणाला.

आठवडा भरायच्या आत त्यानं करवतवाला आणला. कळताच मी धावले, पण पोचले तेव्हा झाड आडवं पडलं होतं. भाऊ ट्रॅक्टरवर बसून चहा पीत होता. मी आडव्या फांद्यांत शिरून काड्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि बस धरली.

धुळ्याच्या घरी अंगणात पिशव्यांत कोयींची रोपं होती. रोपाचा शेंडा उडवला, मधोमध चीर दिली. काडीच्या टोकाला दोन्ही बाजूंनी एकेका झटक्यात तासून पाचर केली. रागानं हात थरथरत होता, आणि पातं थरथरलं की काप खडबडीत होतो, कलम लागत नाही. पहिल्या दोन काड्या अशाच वाया गेल्या. मग तोंडावर पाणी मारलं. साल सालीला भिडवून पाचर बसवली, प्लॅस्टिकची पट्टी करकचून बांधली, वर पेप्सीकोल्याची रिकामी लांबट पिशवी चढवली आणि रोपं सावलीत ठेवली.

डोळे अर्धवट फुगलेले. एकेक काडी काळी पडत गेली. एकच हिरवी फुटली. सांध्याखालून कोयीचे फुटवे येत राहिले, ते दिसले की मी खुडायची, नाहीतर वरचं उपाशी मरतं. आमच्या घरातला फुटवा कुणी वेळीच खुडला नाही.

वर्षं गेली. यंदा त्या कलमाला पहिला आंबा लागला. कुणी चुगली केली कोण जाणे, आखाजीच्या आदल्या दिवशी भावाचा फोन आला. आवाजात साखर. "अक्का, बाबानी घागरले तो आंबा धाडी दे ना."

"बजारमा मियतस," मी म्हटलं.

माहेरची घागर लेकीनं भरायची नसते, हे मला ठाऊक आहे. तरी मी भरली. वर तो आंबा ठेवला, कच्चाच होता. वडिलांना पोचला की नाही, सांगता येत नाही. भावाला पोचला नाही, एवढं नक्की.