गाठीच्या आतला रंग

नातीनं हरभऱ्याचं रोप मातीसकट अलगद उपटलं आणि मुळं बादलीतल्या पाण्यात हलवली. मुळांवर टपोऱ्या गाठी लगडलेल्या. या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला पोसतात. त्यातले कामसू निवडून वाढवायचे, हे आधी माझं काम होतं, आता तिचं आहे. तिनं निवडलेले जिवाणू गुळाच्या पाण्यात कालवून यंदा सगळ्या गावानं बियाण्याला चोळलेत.

तरुणपणी मी मोठ्यात मोठी गाठ हेरायचे. मिशी बघून नवरा पसंत करावा, तसं! (नवराही तसाच केला म्हणा.) पुढे अक्कल आली. गाठ फोडून बघावी लागते. आत गुलाबी असेल तर जिवाणू कामाला लागलेत; पांढरी असेल तर नुसते बसून खाताहेत.

"आजी, तूच फोड ना."

"का गं? तुझ्या नखांना काय झालं?"

ती हसली नाही.

मी गाठ चिरली. पांढरी. दुसरीही पांढरी. कुंडीतल्या चाचणीत जिंकलेले जिवाणू शेतात उतरले, की तिथले जुने ऐतखाऊ त्यांना मुळाशी फिरकू देत नाहीत. वर पानं मात्र बरेच दिवस हिरवी राहतात. माती आपली बातमी उशिराच देते. तोवर पेरणीची वेळ निघून गेलेली असते.

"ताई, काय झकास रान दिसतंय!" बांधावरून शेजारी ओरडला. "पुढच्या सालीही हेच चोळू!"

नातीनं हात उंचावला, पण तो हलवायचा राहिला.