पाण्याला कोण?

आमच्या नळाला पाणी पहाटे सुटतं. कधी चारला, कधी सहाला, सोडणाऱ्याच्या मनावर. दाब इतका कमी की पाणी वर चढत नाही, म्हणून दारापुढं कमरेइतका खड्डा खणून तोटी त्यात बसवली आहे. खड्ड्यात उतरायचं, कळशी भरायची, काठावर ठेवायची, दुसरी लावायची. तासाभरात पाणी जातं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून खड्ड्यात मीच उतरते.

आम्ही कराडजवळ राहतो आणि माझं माहेर फलटणकडं आहे. लांब म्हणावं असं नाही. पण बाळंतपणं सोडली तर मी माहेरी रात्र राहिलेली नाही. सकाळच्या एसटीनं जायचं, आईच्या हातचं जेवायचं आणि घड्याळाकडं बघत परतायचं. राहते म्हटलं की सासूबाई एकच विचारतात, "पाण्याला कोण?" त्यांचे गुडघे गेलेत हे खरं आहे. पण घरात माझे मालक आहेत, थोरले दीर आहेत. त्यांचं नाव त्या प्रश्नात कधी आलं नाही.

यंदा गावात नवी टाकी झाली. जे घर मीटर घेईल त्याला नव्या लाइनीतून दिवसरात्र पाणी, जे घेणार नाही त्याला जुनाच नळ. घ्यायचं की नाही ते ज्यानं त्यानं ठरवायचं. पंचायतीचा माणूस कागद देऊन गेला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा खड्डा आला नाही. आईच्या घरची रात्र आली.

संध्याकाळी सोप्यात बोलणं झालं. मी आत भाकरी थापत होते.

"लय हुशार हायत ही माणसं," दीर म्हणाले. ते फौजेतून रिटायर होऊन आलेत, घरात त्यांचा शब्द चालतो. "पाण्याआधी पायपातनं वारा येतो. त्या वाऱ्यानंबी मीटर फिरतंय. वाऱ्याचं बिल भरायचं व्हय आपण?"

"चोवीस तास पाणी असलं तर वारा कुठनं येणार?" मालक म्हणाले.

"तुला काय कळतंय त्यातलं? फौजेत मी असली मीटरं लय बघितल्यात."

सासूबाईंची अडचण वेगळीच. आमच्याकडं कालचं पाणी शिळं धरतात. रोज सकाळी नवं पाणी आलं की कालचं उरलेलं त्या परसात ओततात. मी काठावर चढवलेल्या कळश्या, पिण्याचा माठ, सगळं. आमच्या घरात सगळ्यात सुखी कोण असेल तर परसातलं अळू.

"मीटर लागल्यावर वतू द्याल का मला?" त्या म्हणाल्या. "का शिळ्या पाण्यानं देव धुवायचा?"

आत्याबाई, चोवीस तास नळाला ताजंच येईल, शिळं होईलच कसं, हे सासूबाईंना सांगायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण थोरल्या दिरांसमोर मी बोलत नाही. तव्यावरची भाकरी करपली तेवढी.

"बगू पुढं," दीर म्हणाले आणि कागद कपाटावर गेला. पाणी कोण भरतं, तिला काय वाटतं, हे कुणी विचारलं नाही. मला राग त्यांचा आला तितकाच माझ्या गप्प बसण्याचाही आला.

मग आईचा फोन आला. एका डोळ्याचा मोतीबिंदू आता काढायचा होता, दुसऱ्याचा पुढं. "दोन रात्री कुणीतरी जवळ पायजे म्हणतोय डाक्टर," ती म्हणाली, आणि लगेच, "तुला जमत न्हाई ते ठावं हाय मला." त्या शेवटच्या वाक्यानं मी पिशवी भरली. सासूबाईंनी नेहमीचं विचारलं. मी खाली बघून म्हटलं, "बघा तुम्ही," आणि निघाले.

पहिल्या पहाटे सवयीनं जाग आली. अंधारात उठून बसले, कळशी शोधायला हात गेला. आई डोळ्याला पट्टी बांधून पडली होती. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "झोप गं." मी परत झोपले. उजाडल्यावर उठण्याची इतकी चव असते हे मी विसरून गेले होते.

परत आले तर पिंप भरलेलं. मला नवल वाटलं. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून हाक मारली तेव्हा उलगडा झाला. काकूंच्या कमरेला पट्टा आहे.

"तुझ्या सासूनं हाक मारली, न्हाई कसं म्हणू?" त्या म्हणाल्या. "तुझी दोन्ही गडीमाणसं सोप्यात उभी व्हती. एक च्या पीत व्हता आन् दुसरा मला सांगत व्हता, कळशी वाकडी धरली म्हणून!" त्या हसल्या आणि हसताना कमर धरली.

रात्री जेवताना दीर सासूबाईंना म्हणाले, "बघ आई, सून दोन दिवस नव्हती, आडलं का काय? पाणी भरलंच की. मीटर मीटर कशापायी करायचं?"

मी चुलीपाशी होते. हाताचं पीठ झटकलं आणि दिरांकडं न बघता मालकांना म्हटलं, "आवं, भावजी म्हणतात ते खरं हाय. माझ्यावाचून आडत न्हाई. मग आईच्या दुसऱ्या डोळ्याला मी आठवडाभर जाते. आन् काकूंना हाक मारू नका, त्यांच्या कमरेला पट्टा हाय."

एका दमात सगळं बाहेर पडलं.

"आन् पाण्याला कोण?" सासूबाई म्हणाल्या. प्रश्न तोच होता, पण या वेळी त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. आपल्या दोन लेकांकडं बघत होत्या.

मी पुढची भाकरी थापायला घेतली, उत्तर मला द्यायचं नव्हतं.

कागद अजून कपाटावरच आहे. उद्या पहाटे मी खड्ड्यात उतरेन, परवाही उतरेन. दुसऱ्या डोळ्याची तारीख आली की उतरणार नाही. पिशवी मी रिकामी केलेली नाही.