ओंडक्यांची वाट

अग नातीबाई, तुझी वही लिहून शहरात तुझ्याकडं धाडतेय. वही हातात दिलीस, "आजी, लिहून काढ" म्हणालीस आणि मोकळी झालीस. आता तो मोबाइल खाली ठेव आणि नीट वाच. एक डोळा तिकडं ठेवून वाचायची गोष्ट नव्हे ही.

आंदर मावळातली आमची वाडी पाच घरांची. माझं घर सगळ्यात वरचं, डोंगराला पाठ लावून. त्या उतारावर एका बागायतदारानं नीलगिरी लावलेली. तिची पहिली तोड झाली तेव्हा मी आणि आमचे हे कामावर होतो. दोन गडी करवतीला आणि एक बाई लांब उभी, शेंड्याकडं बघत. शेंडा थरथरला की तिनं हाळी द्यायची. ती बाई मी. दिवसाला आठ झाडं पडली की मुकादम खूश.

यंदा फाल्गुनात मशीन आलं. पोकलेनच, पण बादलीच्या जागी जबडा आणि जबड्यात करवत. धरलं, कापलं, आडवं केलं. माझ्या चहाला उकळी येईस्तोवर आठ झाडं खाली. माणूस एकच, काचेच्या खोलीत बसलेला. त्याला हाळी ऐकू गेली नसती, आणि द्यायला कुणी ठेवलंच नव्हतं.

पण वरचा चढ आला आणि मशीन अडलं. एकेका झाडाला अर्धा अर्धा तास. ठेकेदाराचा सारखा फोन, किती झाली, किती झाली. ऑपरेटर माझ्या पडवीत पाणी प्यायला आला तो तोंड पाडून. "मावशी, चढाला मशीन सरकतंय. संध्याकाळी काय सांगू त्यांना?"

मला दया आली. खरं सांगायचं तर मिरवायचंही होतं, की हा डोंगर मला पाठ आहे. त्याला घेऊन गेले आणि आम्ही ओंडके ओढून आणायचो ती तिरकी वाट दाखवली. दुसऱ्या दिवशी त्यानं जबडा काढून बादली लावली आणि ती वाट मशीनच्या रुंदीएवढी खोदली. मग चार दिवसांत डोंगर बोडका. जाताना मला चिक्की देऊन गेला. माझ्या दातांना कसली चिक्की, पण घेतली.

एक सांगायचं राहिलं. तोड संपली की आम्ही ती वाट बुजवायचो. दर चार पावलांवर दगड आणि फांद्या आडव्या, म्हणजे पावसाचं पाणी वाट धरून डोंगरात मुरत नाही. त्यानं विचारलं नाही आणि माझ्याही मनात आलं नाही. चूल विझवून निघ, असं कुणी कुणाला सांगतं का?

आता वाटेच्या वरच्या अंगाला भेग पडलीय. चैत्रात बोट जायचं, काल मनगटापर्यंत हात गेला. पावसाचा थेंब नाही, तरी घरामागचा झरा आठ दिवस गढूळ येतोय, म्हणजे डोंगराची माती आतून सुटतेय. ठेकेदाराला फोन लावला. मशीन दुसऱ्या गावाला आहे, पावसाळ्यानंतर बघू म्हणाला.

शेजारचे भाऊ मला हसले. "वयनी, डोंगर काय कालचा हाय का? तुमी उगं पोराबाळांस्नी भिववताय." पण पहाटे झऱ्यावर गेले तर तेच तिथं उकिडवे बसलेले, ओंजळीतलं पाणी निरखत. माझ्याकडं न बघता म्हणाले, "बियाण्याची पोती खालच्या गावच्या शाळंत नेऊन ठेवू का?" मी म्हटलं, आधी माणसं न्या.

कुणी अजून हललं नाही. मी आणि दोन म्हाताऱ्या रोज सकाळी दगड वाहतो. मशीननं एका दिवसात खोदलेली वाट आमच्यानं दिवसाला दहा पावलं बुजते. मृगाला बारा दिवस उरलेत. या चालीनं अर्धीसुद्धा होत नाही.

तर तू ये. तुझे ते कॉलेजचे मित्र आहेत ना, त्यांनाही आण. एसटी खालच्या गावापर्यंतच येते, पुढं तासभर चालायचं, ऊन चढायच्या आत निघा. भाकरी मी टाकते. पाऊस पडल्यावर येते म्हणू नकोस ग, या रविवारीच ये.