आधी मलिदा, मग खडा

या सदरातले अनुभव वाचून मी आजवर फक्त हसत आलोय, तेव्हा आता माझ्यावर हसायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मी उरणजवळ द्रोणागिरीला कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे. आमच्याकडे आत आलेला कंटेनर एक तर यार्डात असतो, नाही तर गेटमधून बाहेर गेलेला असतो. तिसरी जागा नसते. जगाकडेही मी असाच बघतो.

आधी एक सांगायला हवं. मला किडनी एकच आहे. दुसरी मी काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीला, रिबेकाताईला दिली. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, पनवेलचे. आमची माणसं आता मोजकीच उरलीत, पण सल्ले द्यायला भरपूर. "एका किडनीवर कसा निभावणार हा?" म्हणून ठाण्याच्या काकांनी तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं. मी ऐकलं नाही. ताई जगली, विषय संपला.

आणि गेल्या उन्हाळ्यात त्या उरलेल्या किडनीच्या नळीत मुतखडा अडकला. ज्यांना झालाय त्यांना ती कळ सांगायला नको, आणि ज्यांना नाही त्यांना सांगून उपयोग नाही. उभं राहवेना, बसवेना, पडवेना... नवीन पनवेलच्या एका हॉस्पिटलात नेलं तेव्हा मी लिफ्टमध्येच उकिडवा बसलो होतो. स्कॅनमध्ये खडा दिसला, चवळीच्या दाण्याएवढा. लघवी कमी होत चालली होती, क्रिएटिनिन चढत होतं.

"हा आपणहून पडणारा नाही," डॉक्टर म्हणाले. "उद्या सकाळी दुर्बिणीनं काढू. तोवर लघवी गाळून बघायची. चुकून पडलाच तर हातात हवा."

माझ्या बायकोनं, रूथनं, घरून चहाची गाळणी आणली. काका भेटायला आले ते उभ्या उभ्याच म्हणाले, "सांगत होतो मी तेव्हा."

"काका, आज मागितली असती तरी दिली असती," मी म्हणालो.

मनातून मात्र टरकलो होतो. ही गेली तर डायलिसिस... आणि आपल्यामुळे झालं हे ताईला आयुष्यभर खात राहणार. कळेपेक्षा मला याची भीती जास्त होती.

संध्याकाळी खांदा कॉलनीतून ताईचा फोन आला. मागे गाणी चालली होती.

"बेनी, तुझ्यासाठी मलिदा केलाय. गाणारी चार माणसं मिळाली कशीबशी."

मलिदा म्हणजे गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. मागितलेलं मिळालं की असं ताट मांडून आम्ही एलियाहू हन्नाबी या प्रेषिताची आठवण करतो, देवाचे आभार मानतो. मिळाल्यावर!

"अगं, खडा अजून आतच आहे. तुला कुणी चुकीचं सांगितलं का?"

"कुणी नाही. मीच ठरवलं. आधीच आभार मानून टाकते, आता देत कसा नाही तेच बघते. आणि त्याला सांगितलंय, बेनीकडचं काय असेल ते माझ्याकडे पाठव."

"वेडी आहेस तू."

"असू दे. ठेव फोन, माणसं खोळंबलीत."

मी वैतागून फोन ठेवला. थोड्या वेळानं लक्षात आलं — कळ थांबली होती.

सकाळी ऑपरेशनआधी पुन्हा स्कॅन झाला. नळी रिकामी. किडनीत काही नाही, मूत्राशयात काही नाही. गाळणीत वाळूचा कणही आला नव्हता, आणि रूथ तर त्या गाळणीवर पहाराच देत होती.

"निसटला असेल," डॉक्टर म्हणाले.

चवळीएवढा खडा चहाच्या गाळणीतून निसटतो? मी वाद घातला. ऑपरेशन टळलं म्हणून भांडणारा पेशंट त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. पण गेटमधून गेला नाही, यार्डात नाही, मग माल गेला कुठे?

दुपारी ताई आली. पर्समधून तिनं एक छोटी बाटली काढली. आत खडा. तपकिरी, काटेरी, चवळीएवढा. सकाळी तिला बाथरूममध्ये टक् असा आवाज आला होता. दुखलं अजिबात नाही. बसवलेल्या किडनीच्या दुखणं कळवणाऱ्या नसा जोडलेल्या नसतात, म्हणून दुखत नाही, हे डॉक्टरांनीच सांगितलं. पण जेमतेम महिन्यापूर्वी तिचाही स्कॅन झाला होता, आणि त्यात काहीएक नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "दोन वेगळे खडे. योगायोग." काका म्हणाले, "नवसाला पावला." मी दोघांनाही मानायला तयार नव्हतो, आजही नाही. नंतर आणखी काही डॉक्टरांना विचारलं, त्यांनीही खांदे उडवले.

ताईनं बाटली माझ्या हातात ठेवली. "घे. तुझा आहे."

"कशावरून? तुझ्या अंगातून पडला, तुझाच."

"अरे, पण किडनी कुणाची?" तिनं विचारलं. काका समोरच उभे होते.

"तुझी," मी म्हणालो. "एकदा दिली ती दिली."

ताई इतक्या वर्षांत माझ्यासमोर कधी रडली नव्हती. त्या दिवशी पलंगाच्या कडेला बसून रडली, आणि काका हळूच बाहेर निघून गेले.

तो खडा कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. पण किडनी तिची आहे, आणि त्यावर मी कुणाला चकार शब्द काढू देत नाही.